मुलांची कृतज्ञता मोजायची तर नेमके काय मोजायचे?

पत्राचा सारांश: एका आईचे पत्र आले आहे. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा. ‘आम्ही त्यांच्यासाठी इतके करतो, पण त्यांना त्याची जाणीवच नाही’ असे वाटू लागल्याने काही महिन्यांपूर्वी त्यांनी घरात एक तक्ता लावला. कुणी काही दिले किंवा केले की न सांगता आभार मानल्यास एक खूण, आठवण करून दिल्यावर मानल्यास अर्धी, आणि रात्री वहीत कृतज्ञतेच्या तीन गोष्टी लिहिल्यास आणखी एक. आठवड्याच्या शेवटी ज्याच्या खुणा जास्त त्याला छोटेसे बक्षीस. मुलगी सतत पुढे असते. पण तिच्या वहीत हल्ली रोज ‘आई, बाबा, शाळा’ एवढेच लिहिलेले असते, आणि साधा पाण्याचा पेला हातात दिला तरी ‘थँक्यू’ म्हणून ती आधी तक्त्याकडे बघते. मुलगा कायम मागे. मामाने अख्खी दुपार खर्चून त्याची सायकल दुरुस्त केली तेव्हा तो चकार शब्द बोलला नाही. थोड्या वेळाने एक चाक निखळलेली आपली खेळण्यातली गाडी त्याने मामाच्या हातात कोंबली आणि तो पळून गेला. आईला सर्वांसमोर ओशाळल्यासारखे झाले. मध्यंतरी इंटरनेटवर सापडलेली सहा विधानांची एक प्रश्नावली त्यांनी मुलीकडून भरून घेतली; त्यात तिला ४२ पैकी २३ गुण पडले. त्यांचे प्रश्न तीन आहेत: तक्ता चालू ठेवावा का, याहून चांगले मोजमाप आहे का, आणि मुलगा कृतघ्न होत चालला आहे का?

उत्तर:

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात. मुलगा कृतघ्न होत चालला आहे, असे तुमच्या पत्रातल्या कोणत्याही गोष्टीवरून दिसत नाही. उलट, तुम्ही ज्या प्रसंगाने ओशाळलात तो प्रसंग या विषयाच्या अभ्यासात फार जुना आणि चांगलाच ओळखीचा आहे.

स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस्का बाउमगार्टन-ट्रामर यांनी १९३८ मध्ये मुलांच्या कृतज्ञतेविषयीचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. सात ते पंधरा वर्षांच्या मुलांना त्यांनी दोनच प्रश्न विचारले होते: तुझी सर्वांत मोठी इच्छा कोणती, आणि ती इच्छा जो पूर्ण करील त्याच्यासाठी तू काय करशील? उत्तरांची विभागणी त्यांनी चार प्रकारांत केली. काही मुले फक्त आभार मानीन असे म्हणाली. काहींनी बदल्यात एखादी वस्तू देऊ केली, आणि ती बहुधा स्वतःला आवडणारी. काहींनी देणाऱ्याला काय हवे असेल, त्याला आपली गरज केव्हा लागेल, आपले नाते कसे टिकेल याचा विचार केला. आणि काहींनी मिळालेल्या संधीचे चीज करण्याचे, म्हणजे चांगला अभ्यास करण्याचे किंवा काम नीट करण्याचे वचन दिले. वस्तू देऊ करण्याचा प्रकार लहान वयात, सात-आठ वर्षांच्या सुमारास, ठळक दिसला आणि वयाबरोबर ओसरत गेला. देणाऱ्याच्या मनाचा आणि नात्याचा विचार अकरा-बारा वर्षांच्या आसपास जोर धरू लागला. तोंडी आभार मात्र सर्वच वयांत आढळले.

आता चाक निखळलेल्या त्या गाडीकडे पुन्हा बघा. मामाला तिचा काडीचा उपयोग नाही हे तुम्हाला कळते. सहा वर्षांच्या मुलाला ते कळण्याचे कारण नाही. आपल्याला जे मोलाचे वाटते ते समोरच्यालाही मोलाचे वाटणार, हा त्या वयाचा सरळ हिशेब असतो. त्याला जे मिळाले त्याच्या मोबदल्यात त्याने त्याच्याजवळचे काहीतरी दिले, आणि विशेष म्हणजे ते कुणीही सुचवल्याशिवाय दिले. एका प्रसंगावरून एखाद्या मुलाविषयी ठाम निष्कर्ष काढू नये, हे खरेच. पण तुमच्या पत्रातल्या सगळ्या घटनांपैकी कृतज्ञतेच्या सर्वांत जवळ जाणारी घटना कोणती, असे विचारले तर मी त्या गाडीकडेच बोट दाखवीन. तक्त्यात तिला शून्य मिळाले. तेव्हा मुलाविषयी शंका घेण्याआधी तक्त्याविषयी शंका घेणे अधिक रास्त ठरेल.

तुमचा तक्ता मोजतो ती गोष्ट खोटी नाही, पण ती वेगळी आहे. तो शिष्टाचार मोजतो. अमेरिकेतील एस्थर ग्रीफ आणि जीन बर्को ग्लीसन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात लहान मुलांना पालकांच्या उपस्थितीत भेटवस्तू देण्यात आली आणि ती आपणहून काय बोलतात, पालक त्यांना काय म्हणायला लावतात याची नोंद करण्यात आली. भेटल्यावरचे अभिवादन, आभार आणि निरोप या तीन सवयींपैकी आपणहून सर्वांत कमी वेळा बोलले गेले ते आभारच. आणि पालकांनी ‘काय म्हणायचं असतं?’ असे विचारून ते वदवून घेण्याची घाई तर अगदी सर्रास दिसली. म्हणजे हे शब्द मुलांच्या तोंडी येतात ते आधी एक रीत म्हणून. त्यांच्यामागचा अर्थ नंतर भरत जातो, आणि कधीकधी बराच नंतर. यात गैर काहीच नाही. रीत शिकवावी, जरूर शिकवावी. तिच्यामुळे समोरच्या माणसाला बरे वाटते आणि मुलाचे जगणे सोपे होते. फक्त ती रीत आहे हे आपण विसरू नये, आणि तिच्या खुणा मोजून मुलाच्या मनात काय चालले आहे याचा अंदाज बांधू नये. तुमची मुलगी रीत उत्तम शिकली आहे. तिच्या कृतज्ञतेविषयी मात्र त्या तक्त्यावरून तुम्हाला आणि मला काहीही सांगता येणार नाही.

मग कृतज्ञता म्हणजे नेमके काय मोजायचे? या विषयाचे बहुतेक अभ्यासक ज्यावर साधारण एकमत दाखवतात ते असे: माझे काहीतरी भले झाले, ते दुसऱ्या कुणीतरी केले, जाणूनबुजून माझ्यासाठी केले, आणि त्यासाठी त्याने स्वतःची काहीतरी तोशीस सोसली, हे ओळखल्यावर मनात जे उमटते आणि त्या माणसासाठी जे करावेसे वाटते ते. एवढी सगळी ओळख पटायला दुसऱ्याचे मन वाचता यावे लागते. जॅकी नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की तिसऱ्या वर्षी भावना ओळखण्याची आणि चौथ्या वर्षी दुसऱ्याच्या मनातले समजून घेण्याची क्षमता ज्या मुलांमध्ये अधिक होती, त्यांना पाचव्या वर्षी कृतज्ञतेची समजही अधिक होती. म्हणजे पायाची घडण फार लवकर सुरू होते. शाळकरी वयाच्या आधीची मुलेसुद्धा चुकून झालेला फायदा आणि मुद्दाम केलेली मदत यांत फरक करतात आणि मुद्दाम मदत करणाऱ्याला अधिक हात सैल सोडून परतफेड करतात, असे अमृषा वैश, रॉबर्ट हेपाख आणि मायकेल टोमासेलो यांच्या २०१८च्या अभ्यासातून दिसून आले.

या साऱ्याचा तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. भिंतीवर रेघा ओढून मुलांची उंची मोजता येते, कारण पाचव्या वर्षीची उंची आणि पंधराव्या वर्षीची उंची ही एकच गोष्ट असते. फक्त ती वाढलेली असते. कृतज्ञतेचे तसे नाही. तिचे वय वाढते तसे तिचे रूपच बदलते. सहाव्या वर्षी गाडी हातात कोंबणारा मुलगा बाराव्या वर्षी कदाचित काहीच देणार नाही, पण मामाचे सामान उचलायला न सांगता पुढे होईल. तुम्ही ‘किती वेळा’ मोजत राहिलात तर पहिल्या प्रसंगाची एक खूण आणि दुसऱ्याचीही एकच, आणि या दोहोंमध्ये जे घडले, म्हणजे समोरच्याला काय हवे आहे हे त्याला दिसू लागले, ते नोंदवहीत कुठेच येणार नाही. म्हणून लहान मुलांच्या बाबतीत मोजमापाचा प्रश्न आधी रूपाचा आणि मग प्रमाणाचा असतो, असे माझे मत आहे.

आता त्या प्रश्नावलीविषयी. तुम्ही केलेल्या वर्णनावरून ती मायकेल मॅकलॉ, रॉबर्ट एमन्स आणि जो-अ‍ॅन त्सांग यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेली सहा विधानांची प्रश्नावली असावी. प्रत्येक विधानाला १ ते ७ यांपैकी एक अंक द्यायचा असतो, म्हणून एकूण ४२. ती चांगली प्रश्नावली आहे, पण ती मोठ्या माणसांसाठी तयार केलेली आहे. तिच्यातली दोन विधाने उलट अर्थाची आहेत, म्हणजे तिथे कमी अंक दिले तर ते अधिक कृतज्ञतेचे लक्षण मानायचे आणि बेरीज करण्याआधी ते अंक उलटवून घ्यायचे असतात. हे तुमच्याकडून राहून गेले असेल, तर २३ या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही. एकदा तपासून पाहा. ते राहिले नसले तरी सहावे विधान, म्हणजे कुणाविषयी किंवा कशाविषयी कृतज्ञ वाटल्याशिवाय बराच काळ निघून जातो या आशयाचे, मुलांना अवघड जाते. ‘बराच काळ’ म्हणजे किती हे नऊ वर्षांच्या मुलीने ठरवायचे तरी कसे? जेफ्री फ्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये १० ते १९ वयोगटातील चौदाशेहून अधिक मुलांवर मोठ्यांच्या अशा प्रश्नावल्या तपासून पाहिल्या, तेव्हा हे विधान बाकीच्यांशी नीट जुळले नाही आणि मुलांसाठी ते वगळावे असे त्यांनी सुचवले. मोठ्यांसाठीची दुसरी एक प्रश्नावली तर दहा ते तेरा वर्षांच्या मुलांमध्ये इतर मोजमापांशी फारसा मेळच खात नव्हती. आणि ही तपासणी दहा वर्षांपासून पुढची होती. तुमची मुलगी त्याहून लहान आहे. त्या आकड्याने तुमची झोप उडाली असेल, तर तो कागद खुशाल टाकून द्या.

बक्षिसाविषयी मला थोडे कठोर व्हावे लागेल. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००८ मध्ये वीस महिन्यांच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या माणसाला मदत केल्यावर ज्या मुलांना वस्तूरूपात बक्षीस मिळाले होते, त्यांनी पुढे बक्षीस नसताना मदत करण्याचे प्रमाण बक्षीस कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा कमी होते. तो प्रयोग मदतीविषयी होता, कृतज्ञतेविषयी नव्हता, आणि त्यातली मुले तुमच्या मुलांपेक्षा खूप लहान होती, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. तरीही पाण्याचा पेला हातात आल्यावर तुमची मुलगी पेला देणाऱ्याकडे न बघता तक्त्याकडे बघते, हे तुम्ही स्वतः लिहिले आहे. जी भावना देणाऱ्याकडे वळायला हवी तिचे तोंड तक्त्याने आपल्याकडे वळवून घेतले आहे. शिवाय भावंडांची तुलना करणाऱ्या या तक्त्यात भाऊ मागे राहण्यातच मुलीचा फायदा आहे आणि मुलाला दर आठवड्याला आपण या बाबतीत कमी आहोत एवढेच कळते आहे. सहाव्या वर्षी स्वतःविषयी असे काही ठरवून बसणे बरे नव्हे.

तक्ता काढण्याआधी एका गोष्टीचा विचार मात्र तुम्ही करावा असे मला वाटते. ‘आम्ही त्यांच्यासाठी इतके करतो’ हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा, थोड्या वेगळ्या शब्दांत आले आहे. त्यामागचा थकवा खरा आहे आणि तो कुणीतरी पाहावा ही अपेक्षाही खरी आहे. पण आपल्या कष्टांची दखल मुलांनी घ्यावी ही गरज आणि मुलांमध्ये कृतज्ञता रुजावी ही इच्छा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एका तक्त्यात दोन्ही कोंबल्या की मुलांच्या वाट्याला कृतज्ञतेऐवजी ऋणाची भावना येण्याचा संभव असतो. ऋणाची भावना अस्वस्थ करणारी असते. माणूस कर्जदारासारखा समोरच्याला टाळू लागतो. कृतज्ञतेने तो जवळ येतो. लहान मुलाने जेवण, अंथरूण, आजारपणातली सोबत या गोष्टी बऱ्याच अंशी गृहीत धरणे हे मी तरी वाईट लक्षण मानत नाही. उद्याही हे सगळे असणार आहे असा त्याचा विश्वास त्यात असतो. तुमच्या थकव्याची दखल घेणे हे काम आधी घरातल्या मोठ्या माणसांचे आहे, सहा आणि नऊ वर्षांच्या मुलांचे नव्हे. ते काम कुणी करत नसेल, तर त्याविषयी तुम्ही मुलांशी नव्हे, जोडीदाराशी बोलायला हवे.

यावर तुम्ही म्हणाल की मग मोजणेच सोडून द्यावे. काही पालक तसे करतात आणि त्यात फारसे बिघडत नाही. पण मुलांमध्ये काय बदलते आहे हे जाणून घेण्याची तुमची इच्छा मला चांगली वाटते. तिला फक्त वेगळी वाट हवी.

पहिली सूचना अशी की मुलांचा तक्ता काढा आणि त्याऐवजी स्वतःसाठी एक वही ठेवा. ती मुलांना दाखवायची नाही आणि तिच्यात गुण लिहायचे नाहीत. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात अँड्रिया हुसाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या कृतज्ञतेचे जे चार भाग मांडले आहेत ते नोंदीसाठी फार सोयीचे पडतात: मुलाच्या काय लक्षात आले, त्याविषयी त्याने काय विचार केला, त्याला काय वाटले, आणि त्याने काय केले. सायकलच्या प्रसंगाची नोंद अशी होऊ शकली असती: ‘दुरुस्ती चालू असताना जवळच बसून होता, मामाच्या काळ्या झालेल्या बोटांकडे दोनदा बघितले. बोलला नाही. नंतर आपली गाडी नेऊन दिली आणि लाजून पळाला. का दिलीस, हे विचारायचे राहिले.’ (बोटांचा तपशील मी कल्पिला आहे, प्रत्यक्षात काय घडले ते तुम्हाला आठवत असेल.) अशा नोंदी रोज करायची गरज नाही. आठवड्यात एखादी झाली तरी पुरे, मात्र ती जितक्या लवकर लिहाल तितकी खरी उतरेल. सहा महिन्यांनी मागची पाने वाचताना तुम्हाला दिसेल की चारांपैकी कोणता भाग आधीच भरलेला आहे आणि कोणता रिकामा राहतो. अनेक मुलांना जाणवते पुष्कळ, पण कृतीत उतरत नाही. काही मुले कृती तत्परतेने करतात, पण कुणी का केले हा विचार त्यांच्या मनात आलेलाच नसतो. या दोघांना लागणारी मदत अगदी वेगळी आहे, आणि कोणत्याही एका आकड्यातून ती कळणार नाही.

रिकामी जागा भरायला प्रश्न उपयोगी पडतात, उपदेश नव्हे. मुलीला विचारा: मैत्रिणीने तुला हे का दिले असेल? त्यासाठी तिला काय सोडावे लागले असेल? हे नसते मिळाले तर तुझे काय झाले असते? हेतू, देणाऱ्याची तोशीस आणि आपला लाभ या तीन बाजू मुलांना शिकवता येतात. फ्रो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना वर्गात नेमके हेच शिकवण्यात आले. त्या प्रयोगातील मोजमापाची एक युक्ती मला विशेष आवडते. केवळ प्रश्नावलीवर न थांबता संशोधकांनी मुलांना पालक-शिक्षक संघाला आभारपत्र लिहिण्याची संधी दिली आणि किती मुले लिहितात हे पाहिले. शिकवलेल्या मुलांनी अधिक पत्रे लिहिली. घरीही असेच करता येईल. कोरे कागद आणि रंग टेबलावर ठेवा, मामाला काही कळवायचे असेल तर कळवा एवढेच म्हणा आणि तिथून निघून जा. लिहिले तर ते मुलांचे. नाही लिहिले तर त्याची नोंदही करू नका. तुम्ही पाठीशी उभ्या राहिलात तर जे मिळेल ते पुन्हा शिष्टाचाराचे मोजमाप असेल.

दुसरे साधन म्हणजे बाउमगार्टन-ट्रामर यांचे ते दोन जुने प्रश्न. जॉनथन टज, लिया फ्रेइतास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलीकडच्या काळात ते पुन्हा वापरात आणले आणि वेगवेगळ्या देशांतील सात ते चौदा वर्षांच्या मुलांना विचारले. वर्षातून एकदा, निवांत वेळी, दोन्ही मुलांना स्वतंत्रपणे विचारा. मुलगा लहान आहे, त्याच्याकडून लिहून घेण्याऐवजी तो बोलेल ते शब्दशः टिपून ठेवा. उत्तर ऐकून ‘बस, एवढंच?’ असे मुळीच म्हणू नका, नाहीतर पुढच्या वर्षी तुम्हाला हवे तेच उत्तर मिळेल. आणि चार प्रकारांना चार पायऱ्या समजण्याची घाईही नको. चीन आणि अमेरिकेतील मुलांची तुलना झाली तेव्हा चिनी मुलांमध्ये नात्याचा विचार करणारी उत्तरे अधिक होती आणि अमेरिकी मुलांमध्ये वस्तू देऊ करणारी. त्याचा अर्थ एका देशातली मुले अधिक कृतज्ञ असा लावता येत नाही; भोवतीची मोठी माणसे कशाला महत्त्व देतात तेही या उत्तरांत उमटते. तुमच्या घरातही ते उमटेल, तुम्हाला आवडो वा न आवडो.

लहान मुलासाठी गोष्टी सांगूनही पुष्कळ कळते. एका मुलाचा रंगीत खडू हरवतो. एका गोष्टीत शेजारी बसलेली मुलगी स्वतःचा खडू त्याला देते आणि आपले चित्र अर्धे ठेवते. दुसऱ्या गोष्टीत तिच्या खिशातून खडू घरंगळतो आणि त्याला सापडतो. दोन्ही वेळा मुलाला खडू मिळाला. त्याला कसे वाटले असेल, आणि पुढे त्या मुलीला काही लागले तर तो काय करील? तुमच्या मुलाने दोन गोष्टींत फरक केला, तर त्याला हेतू दिसतो आहे. नाही केला, तर काही महिन्यांनी वेगळी गोष्ट सांगून पाहा; काळजीचे कारण नाही.

मुलीच्या रात्रीच्या वहीविषयी माझा सल्ला ती निदान काही काळ बंद ठेवण्याचा आहे. फ्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००८च्या ज्या अभ्यासात अशा रोजच्या नोंदींचा उपयोग दिसला, त्यातली मुले सहावी-सातवीतली होती आणि नोंदी दोन आठवडेच चालल्या होत्या. ‘आई, बाबा, शाळा’ असे ती महिनोन्‌महिने लिहिते आहे ते कृतज्ञता आटली म्हणून नव्हे, तर काम उरकायचे म्हणून. पुन्हा सुरू करायचीच असेल तर तीन गोष्टींऐवजी एकच, आठवड्यातून एकदा, आणि तीही एखाद्या माणसाविषयी सविस्तर असू द्या. ती लिहायला नको म्हणाली, तर बोलून चालेल.

सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी मोजमाप तुमच्या स्वतःच्या वागण्याचे आहे. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पालकांनी ठेवलेल्या दैनंदिन नोंदींवरून हुसाँग यांच्या गटाला असे दिसले की पालक कृतज्ञतेविषयी बोलणे, ती स्वतः दाखवणे, तशी संधी मुलांना देणे हे अधिक करतात तेव्हा मुलांमध्येही तिच्या खुणा अधिक दिसतात. इथे एक मेख आहे: दोन्ही गोष्टींची नोंद पालकच करत होते, आणि ज्या दिवशी आपले लक्ष त्या विषयाकडे असते त्या दिवशी आपल्याला तो सगळीकडे दिसतो. तरीही एक महिना मुलांच्या ऐवजी मोठ्यांच्या नोंदी करून पाहा. घरात दोन मोठी माणसे एकमेकांना नेमके कशासाठी धन्यवाद देतात? तुमच्या भावाने दुपार खर्च केली हे मुलासमोर तुम्ही कसे बोललात? ‘मामाला आज दुसरे काम होते, तरी तो थांबला’ एवढे एक वाक्य मुलाच्या कानावर पडले असते, तर देणाऱ्याची तोशीस त्याच्या ध्यानात आली असती. ‘थँक्यू म्हण’ या आज्ञेतून ती येत नाही.

तुमच्यासारख्याच प्रश्नाने काही शिक्षकही पत्र लिहितात, कारण प्रगतिपुस्तकात अशा गुणांचा रकाना भरायची वेळ त्यांच्यावर येते. त्यांनी शक्य असेल तिथे श्रेणीऐवजी एखाद्या प्रसंगाचे दोन ओळींत वर्णन लिहावे, आणि मुलांची आपसांत तुलना टाळावी. ज्या क्षणी मुलांना कळते की कृतज्ञतेला गुण आहेत, त्या क्षणापासून ते मोजमाप निकामी होते.

मुलगा इतरांच्या सुखदुःखाकडे सर्वच बाबतींत, सर्वच माणसांशी वागताना अजिबात लक्ष देत नाही असे कधी आढळले, तर बालरोगतज्ज्ञांशी किंवा बालसमुपदेशकांशी बोलावे. पण तुमच्या पत्रात तसे काही नाही, म्हणून यावर अधिक लिहीत नाही.

तक्ता काढताना मुलांना कारण सांगा, नाहीतर तो आपल्या कमी खुणांमुळे गेला असे मुलाला वाटेल आणि आपले बक्षीस भावामुळे बुडाले असे मुलीला वाटेल. ‘खुणा मोजताना माणसांकडे बघायचे राहून जाते आहे, म्हणून आपण हे थांबवतो आहोत’ एवढे पुरेसे आहे. मुलगी कुरकुर करील. तिने मन लावून मिळवलेली गोष्ट तुम्ही काढून घेत आहात, तेव्हा त्या आठवड्याचे बक्षीस दोघांना सारखेच देऊन टाका. आणि प्रश्नावलीचा मोह पुढे पुन्हा झाला, तर मुलगी बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत थांबा, सहावे विधान वगळून उरलेली पाच तिच्यापुढे ठेवा, आणि भरलेला कागद तिच्याजवळच राहू द्या. तो तुम्हाला दाखवायचा की नाही हे तिला ठरवू द्या.